डिस्कची वाट आणि बारा डबे: एका अफवेचं प्रकरण

या प्रकरणाबद्दल

नागपुरात जुन्या सिनेमावर जीव असलेल्या लोकांचा आमचा एक लहानसा गट आहे. 2024 च्या एप्रिलपासून दिवाळीपर्यंत या गटात जे घडलं ते इथे लिहिते आहे. माणसांची नावं गाळली आहेत. सिनेमाचंही नाव देत नाही, कारण त्याच्या निगेटिव्हवरून, म्हणजे जिच्यावरून प्रती निघतात त्या मूळ फिल्मवरून, दोन कुटुंबांत वाद सुरू आहे. 1950 च्या दशकातला, कृष्णधवल, मराठी, बारा रिळांचा सिनेमा, एवढं पुरे. गटाचा हिशेब मी ठेवते. ज्या निर्णयाबद्दल लिहिणार आहे, त्यात माझंही मत पडलेलं आहे.

पार्श्वभूमी

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही बजाजनगरात डॉक्टरांच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. कधी दहा जण, कधी अठरा. त्यात एक बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, गणिताचे मास्तर आहेत, इंजिनिअरिंगची दोन मुलं आहेत, आणि ऑपरेटर काका आहेत. ऑपरेटर काकांनी बत्तीस वर्षं थिएटरात प्रोजेक्टरचं मशीन चालवलं, दिव्यासाठी कार्बनच्या कांड्या जाळण्याच्या दिवसांपासून. ते थिएटर आता बंद आहे. व्हरायटी चौकातून जाताना नव्या मुलांना सांगावं लागतं, की इथे व्हरायटी नावाचं थिएटर होतं म्हणून चौकाला हे नाव पडलं. ऑपरेटर काकांच्या बाबतीतही आमचं तसंच झालं होतं. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, त्यांना काय कळतं ते कुणी विचारत नव्हतं.

हा सिनेमा आम्ही सगळ्यांनी पाहिलेला, पण कसा? दोन चकत्यांच्या व्हीसीडीवर. व्हीसीडीचं चित्र 352 गुणिले 288 ठिपक्यांचं असतं. रात्रीच्या प्रसंगात कंदिलाभोवती चौकोनच चौकोन दिसतात. कोपऱ्यात एका वाहिनीचा शिक्का, कारण व्हीसीडी बनवली तीच टीव्हीच्या टेपवरून. पुढे मुलांना एक रुंद चित्राची प्रत मिळाली, तर तिच्यात पडदा भरायचा म्हणून वरून आणि खालून चित्र कापलेलं. नायिका वाकून नमस्कार करते तेव्हा तिचा पदरही दिसत नाही आणि ज्यांना नमस्कार करते त्यांचे पायही दिसत नाहीत.

जुन्या मराठी सिनेमाची चांगली प्रत घरी असावी ही आस इथूनच येते. 2007 च्या सुमारास मोझर बेअरने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा सीताबर्डीच्या फुटपाथवरून आम्ही पिशव्या भरभरून आणल्या. ती लाट ओसरली. डीव्हीडीहून स्पष्ट चित्र देणारी डिस्क म्हणजे ब्लू-रे, पण 2019 मध्ये सॅमसंगने अमेरिकेत तिचेही नवे प्लेअर आणणं थांबवलं. एकीकडे डिस्क संपत चालल्या होत्या आणि दुसरीकडे जगभर जुन्या सिनेमांच्या देखण्या प्रती निघत होत्या. ‘पथेर पांचाली’ आणि त्यापुढच्या दोन सिनेमांच्या निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या. तरी त्यातलं जे वाचलं ते जोडून 2015 मध्ये ती त्रयी नव्याने उभी राहिली आणि तिची ब्लू-रेही निघाली. आमच्यातल्या तिघांनी ती परदेशातून मागवली. ती पाहिल्यावर प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, आपल्या मराठीचं असं कधी होणार?

अफवेला जमीन तयार होती ती अशी.

बातमी कशी वाढली

सगळं संपल्यावर मी जुने निरोप तारखेनुसार लावून वाचले. वाचताना मला सगळ्यात जास्त बोचलं ते हे, की यात खोटं कुणीच बोललेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये रामनवमीच्या सुमाराला बँकवाले काका मुंबईहून आले. त्यांचा भाचा एका लॅबमध्ये काम करतो. त्याने सांगितलं होतं, "मामा, तुमच्या त्या सिनेमाचे डबे आमच्याकडे आले, स्कॅन होऊन राहिले." काकांनी आम्हाला तेवढंच सांगितलं. डॉक्टरांनी पुढच्या निरोपात लिहिलं, सिनेमाची सफाई सुरू आहे. स्कॅन आणि सफाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्कॅन म्हणजे फिल्मची चौकट न् चौकट संगणकात उतरवणं. सफाई म्हणजे त्यानंतर ओरखडे, डाग, थरथर काढत बसणं, आणि खरा पैसा लागतो तो तिथे. पण वाचणाऱ्याला हा फरक जाणवला नाही. तिसऱ्या निरोपात एका मुलाने प्रश्न विचारला, "मग ब्लू-रे येणार का?" त्यावर चौथ्या माणसाने उत्तर दिलं, "एवढी सफाई करून राहिले म्हणजे येणारच ना." पाचव्या निरोपात प्रश्नचिन्ह नव्हतं. दिवाळीचा मुहूर्त कुणी जोडला ते मला सापडलंच नाही.

त्यात मे महिना आला. ‘मंथन’ची नवी प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. 1976 चा, पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला सिनेमा. 1 आणि 2 जूनला तो देशभरातल्या थिएटरांत लागला. गुजरातच्या गावातला सिनेमा कानला जातो, मग आपला का नाही? या भरात डॉक्टरांनी कायद्याचा मुद्दा काढला. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. म्हणजे 1950 च्या दशकातला कुठलाही सिनेमा 2020 पर्यंत मोकळा झाला. "आता कोणीही काढू शकतो," डॉक्टर म्हणाले. मुद्दा बरोबर होता. पण काढायची मुभा असणं आणि काढायला हातात चांगली निगेटिव्ह असणं यात फार अंतर आहे. ब्लू-रे छापायची तर तिच्यावर एएसीएसचं, म्हणजे नक्कल रोखणारं, कुलूप घालणंही बंधनकारक, त्याचं शुल्क वेगळं. चारशे-पाचशे प्रती खपतील अशा सिनेमासाठी हा खर्च कोण करणार, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मेअखेरचा नवतपा लागला त्या आठवड्यात दोन ‘पुरावे’ आले. एका ऑनलाइन दुकानाच्या यादीत सिनेमाचं नाव, किंमत 1,499 रुपये, तारीख 31 डिसेंबर. आणि मागोमाग वेष्टनाचं चित्र. फार सुंदर चित्र होतं. निळसर काळोखात दळायचं जातं, वर नाव, खाली बारकोडसुद्धा. ते पाहिल्यावर खोलीत शंका उरलीच नाही.

अमरावतीचा फोन

2 जूनला मला अमरावतीहून फोन आला. सीपी-बेरार सर्किटच्या, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या सिनेमा वितरणाच्या, कचेऱ्या अमरावतीत होत्या. विदर्भातल्या थिएटरांना पेट्या तिथून जायच्या. अशाच एका वितरकाचा नातू बोलत होता. आजोबांच्या गोदामाची जागा विकायला काढली होती. आत एका सिनेमाचे बारा डबे निघाले. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्याकडे जुनी पोस्टरं मागायला गेलो होतो, म्हणून त्याला आमची आठवण आली.

"काकू, जूनअखेर जागा रिकामी करून द्यायची आहे. भंगारवाला डबे मागून राहिला. तुम्हाला हवे असतील तर घेऊन जा, पैसे नकोत."

सिनेमा तोच होता. त्याने आजोबांच्या वहीतल्या पानाचा फोटोही पाठवला. जांभळ्या शाईत सिनेमाचं नाव, पुढे ‘रिळं 12, फूट 11,700’.

35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट धावते. 11,700 भागिले 90, म्हणजे 130 मिनिटं. आमची व्हीसीडी 114 मिनिटांची. हा फरक गटाला आधीपासून अंधुक माहीत होता, आणि त्यावर ठरलेलं उत्तर होतं, की आपल्याकडच्या टीव्हीत सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटी धावतात, त्यामुळे वेळ आकसतो. खरं आहे, पण आकसतो तो चार टक्क्यांनी. मास्तरांनी त्याच रात्री हिशेब करून पाठवला. व्हीसीडीची 114 मिनिटं म्हणजे पडद्यावरची 118.75. तरी सव्वाअकरा मिनिटं कमी पडतात. सव्वाअकरा मिनिटं म्हणजे जवळपास हजार फूट, म्हणजे अख्खं एक रीळ.

हा निरोप 2 जूनच्या रात्री सगळ्यांना मिळाला होता. तेरा जणांनी तो वाचल्याची खूण माझ्या फोनवर अजून आहे.

समोरचे पर्याय

9 जूनला बैठक भरली. गटाच्या शिलकीत 14,500 रुपये होते. कूलर सुरू असूनही खोली तापलेली. समोर तीन पर्याय ठेवले गेले.

पहिला, दिवाळीला डिस्क येईल असं धरून तयारी करायची. डिस्क परदेशात छापली तर ती तिकडच्या विभागाची असेल, भारतासाठीचा ‘सी’ विभागाचा प्लेअर ती वाचणार नाही, म्हणून सगळे विभाग चालणारा प्लेअर घ्यायचा. तो 11,800 रुपयांना मिळत होता. शिवाय डिस्क मागवून देणाऱ्या एका ओळखीच्या विक्रेत्याकडे आगाऊ नोंदणी करायची.

दुसरा, टेम्पो करून अमरावतीहून डबे आणायचे. जाऊन-येऊन 5,500 रुपये, आणि डबे ठेवायला जागा शोधायची.

तिसरा, काहीच न करता महिनाभर थांबायचं.

प्लेअर घेतला तर 2,700 उरत होते आणि टेम्पो होत नव्हता. खरा पेच हाच होता. आणखी एक पर्याय कुणाच्या तोंडून आलाच नाही, याचं मला आज नवल वाटतं. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जुन्या प्रती सांभाळणं हेच त्यांचं काम, आणि हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. तिथे एक फोन लावायला काही पैसे पडत नव्हते.

9 जूनचा निर्णय

बोलणं पाऊण तास चाललं. प्लेअरच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ होता. लॅबमध्ये स्कॅन झालंच आहे, म्हणजे मूळ निगेटिव्ह मिळाली आहे. मग चाळीस वर्षं पत्र्याखाली भाजलेली, थिएटरांत घासलेली प्रत घेऊन काय करायचं? ठेवायची कुठे? लावायची कशावर?

ऑपरेटर काका शेवटी बोलले. ते बैठकीत फारसं बोलत नसत.

"डॉक्टरसाहेब, डिस्क येईल तवा येईल. हे डबे आज पडून राहिले. पावसाच्या आधी उचलले नाही तर गेले. मी इतकी वर्षं रिळं पाहिली, आंबूस वास एकदा लागला की मग काही खरं नसते."

कुणीतरी म्हणालं, "काका, ते तर स्वच्छ करूनच देऊन राहिले ना आपल्याला." काका गप्प झाले. मत घेतलं तेव्हा अकरा हात प्लेअरसाठी वर गेले. त्यात माझा होता. काकांसोबत मास्तर आणि एक मुलगा, एवढे तिघेच.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते नीट सांगायला हवं. मला डब्यांची भीती वाटली. बारा गंजके डबे, वास, जागा, जबाबदारी. डिस्क मात्र स्वच्छ होती, हलकी होती, कुणीतरी दुसरं ती बनवत होतं. आपल्याला फक्त वाट पाहायची होती. ती न आलेली डिस्क मला हातातल्या फिल्मपेक्षा जास्त खरी वाटली.

संध्याकाळी मीच अमरावतीला फोन केला. "त्याची नवी प्रत येऊन राहिली आहे, आम्हाला डबे लागणार नाहीत." तो मुलगा म्हणाला, "बरं झालं काकू, मला उगाच वाईट वाटत होतं टाकायला." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला वाईट वाटत होतं. मी ते वाटणं थांबवलं.

त्या आठवड्यात नऊ जणांनी प्रत्येकी 1,500 रुपये, एकूण 13,500, विक्रेत्याकडे भरले. प्लेअर आला.

बातमी फुटली

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मास्तरांनी वेष्टनाच्या चित्रातला बारकोड मोठा करून पाहिला. त्यांना आकडे दिसले की त्यांच्याशी खेळल्याशिवाय राहवत नाही. बारकोडच्या तेरा आकड्यांत एक मेळ असतो. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा अशा आकड्यांची बेरीज घ्यायची, उरलेल्यांची बेरीज तिप्पट करायची, दोन्ही मिळवायच्या. त्या रकमेला दहाने निःशेष भाग गेला पाहिजे. लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे त्यांनी बेरीज केली. 87 आली. पुन्हा केली. 87.

म्हणजे बारकोड कुणीतरी हाताने रचलेला होता. ते चित्र एका हौशी विद्यार्थ्याने ‘अशी निघाली तर कशी दिसेल’ म्हणून केलेलं होतं, हे पुढे दोन दिवसांत कळलं. त्याने ते फसवायला केलं नव्हतं. खाली तसं लिहिलेलंही होतं, पण ती ओळ आमच्यापर्यंत येता येता कापली गेली होती. ऑनलाइन दुकानाची 31 डिसेंबर ही तारीखही खरी नव्हती. माल कधी येईल ते ठाऊक नसलं की यादीचा रकाना भरायला वर्षाची शेवटची तारीख टाकतात. यादीतलं नाव पाहून मागणी किती येते ते दुकानदार पाहत होता, आणि यादीत नाव घातलं कशावरून, तर याच बातमीवरून.

मग बँकवाल्या काकांनी भाच्याला सरळ विचारलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच कुणी त्याला पूर्ण प्रश्न विचारला होता. स्कॅन कशाचं, कुणासाठी, पुढे काय? तो म्हणाला, स्कॅन एका वाहिनीसाठी होतं. निगेटिव्ह नव्हतीच, एक वापरलेली प्रत होती, तीही अपुरी. सफाई ठरलेलीच नाही. डिस्कचं नाव त्याने कधी काढलंच नव्हतं.

14 जुलैच्या बैठकीत हे सगळं सांगून झाल्यावर खोलीत कुणी बोलेना. ऑपरेटर काकांनी फक्त विचारलं, "अमरावतीले फोन लावला का?"

गोदामात आणि भंगाराच्या आवारात

जागेचा व्यवहार पंधरा दिवस लांबला होता, म्हणून सगळं गेलं नव्हतं. भंगारवाल्याने पाच डबे आधी नेले होते. सात ओसरीवर होते. 16 जुलैला सकाळी काका आणि मी निघालो. दीडशे किलोमीटर, सगळीकडे पाऊस.

ओसरीवरच्या सातही डब्यांवर पाणी उडालेलं होतं. काकांनी पहिला डबा उघडण्याआधी मला लांब उभं केलं. झाकण निघालं तसा लोणच्याच्या बरणीत सांडलेल्या व्हिनेगरसारखा वास डोळ्यांत गेला. त्या काळातल्या फिल्मचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. उष्णता आणि ओल मिळाली की तो कुजायला लागतो आणि त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं. ते आम्ल डब्यात कोंडलं की कुजणं आणखी वेगाने होतं, आणि शेजारच्या धड रिळालाही लागण होते. नागपूर-अमरावतीचा मे महिना, पत्र्याचं छप्पर, घट्ट झाकणाचे डबे. इतकी वर्षं ती टिकली हेच खूप. काकांनी काठ उजेडाकडे धरून ‘सेफ्टी’ ही अक्षरं मला दाखवली. म्हणजे ही पेट घेणाऱ्या नायट्रेटची फिल्म नव्हती, मोटारीत घालायला हरकत नव्हती.

भंगाराच्या आवारात लोखंडाचे डबे वेगळे केले होते आणि फिल्म बाहेर टाकली होती. कृष्णधवल फिल्ममधून चांदी निघते, म्हणून तिलाही गिऱ्हाईक असतं. तीन रिळं ताडपत्रीखाली सापडली. दोन सकाळीच गेली होती, कुठे ते त्या माणसाला सांगता आलं नाही. त्याने आमच्याकडून 1,200 रुपये घेतले आणि तीन जुने डबे परत दिले.

डब्यांवरच्या खडूच्या आकड्यांवरून पाहिलं. 4 आणि 9 नंबरचं रीळ नव्हतं.

हाती काय आलं

दहापैकी एक रीळ, 11 नंबरचं, भिजून एकजीव झालं होतं, त्याचा एकही वेढा सुटला नाही. बाकीची नऊ उलगडण्याजोगी निघाली. डॉक्टरांच्या मोकळ्या गॅरेजमध्ये खिडक्या उघड्या ठेवून काकांनी पंधरा दिवस ती हाताने तपासली. दोन खिळ्यांवर गुंडाळणी, मधे काचेखाली दिवा, हातात सुती मोजे. मी शेजारी बसून लिहून घेत होते. कुठे सांधा, कुठे छिद्रं फाटलेली, किती फूट.

व्हीसीडीशी ताडून पाहताना कळलं की गाळलेला भाग 8 नंबरच्या रिळाच्या मध्यावर सुरू होतो आणि 9 च्या मध्यावर संपतो. 8 आमच्याकडे होतं. 9 गेलं होतं.

8 च्या शेवटी पहाटेचा प्रसंग आहे. नायिका जात्यावर बसते. हात फिरतो, पीठ पडतं, आणि ओठ हलायला लागतात. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते, पांढऱ्या रेघेची नागमोडी नक्षी. इतका वेळ ती जवळजवळ सरळ होती, जात्याच्या घरघरीपुरती थरथरणारी. काकांनी बोट ठेवलं तिथून ती रुंद व्हायला लागते. "ताई, इथं गाऊन राहिली ती," काका म्हणाले. साधारण तीस फूट ते चालतं, म्हणजे वीस सेकंद. मग चौकटीच्या कोपऱ्यात रीळ बदलायच्या खुणेचा गोल ठिपका येतो, आणि रीळ संपतं.

पैशांचं एवढंच. विक्रेत्याने 13,500 पैकी 9,000 दोन हप्त्यांत परत केले, उरलेले आले नाहीत. प्लेअर आहे, वापरतो.

निर्णयाच्या जागा, पुन्हा पाहताना

आर्थिक चूक लहान होती. तिच्याबद्दल मी फार लिहीत नाही, ज्याने त्याने आपली समजून घेतली. फिल्मची चूक वेगळी, ती भरून येत नाही.

पहिली जागा एप्रिलची. भाच्याला तीन प्रश्न विचारायचे होते. कशावरून, कुणासाठी, पुढे काय. बातमी ज्याच्याकडून निघाली तो माणूस एका फोनच्या अंतरावर होता, पण मधल्या चौघांना तो फोन करणं म्हणजे बँकवाल्या काकांवर अविश्वास दाखवणं वाटलं. नात्यातल्या माणसाने आणलेली खबर तपासायला आपल्याकडे संकोच होतो. आता आम्ही अशी खबर आली की ती सांगणाऱ्याच्याच शब्दांत, जशीच्या तशी लिहून ठेवतो. पुढचा माणूस त्यात आपला शब्द घालत नाही.

दुसरी जागा 2 जूनच्या रात्रीची. मास्तरांचा सव्वाअकरा मिनिटांचा हिशेब हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा होता. तो वेष्टनाच्या चित्रासारखा देखणा नव्हता, म्हणून मागे पडला. त्या हिशेबाचा अर्थ होता की अमरावतीची प्रत नुसती जास्तीची नाही, ती इतरांकडे नसलेलं काही घेऊन बसली आहे. बैठकीत तो हिशेब मी वाचून दाखवायला हवा होता. कागद माझ्याजवळच होता.

तिसरी जागा 9 जूनची, आणि इथे गटात आजही एकमत नाही. डॉक्टर म्हणतात, त्या दिवशी हातात होती त्या माहितीवर निर्णय चुकीचा नव्हता. निगेटिव्ह मिळाली असती तर प्रतीची गरज नव्हती. मला हे पटत नाही. ज्या ‘मंथन’च्या कौतुकात आम्ही न्हालो होतो, त्याच ‘मंथन’ची ध्वनीची निगेटिव्ह खराब झाली होती. आवाज घेतला तो जपून ठेवलेल्या एका 35 मिलिमीटरच्या प्रतीवरून. म्हणजे निगेटिव्ह असली तरी प्रत लागते. ही माहिती मे महिन्यातच छापून आली होती. आम्ही कान महोत्सवाचे फोटो पाहिले, ही ओळ वाचली नाही.

शिवाय दोन पर्यायांत एक मोठा फरक होता. डिस्क दिवाळीला आली असती तर डिसेंबरलाही घेता आली असती. डबे मात्र जूनमध्येच उचलता येत होते. ज्याला मुदत आहे ते आधी, एवढा साधा क्रम आम्ही लावला नाही. टेम्पो आधी, प्लेअर नंतर. आणि जागेची अडचण खरी असली तरी डॉक्टरांचं गॅरेज जूनमध्येही मोकळंच होतं.

ऑपरेटर काकांना मी नंतर विचारलं, तुम्ही त्या दिवशी आणखी जोर का नाही लावला? ते म्हणाले, "तुम्ही सगळे शिकलेले लोक. मला वाटलं, तुम्हाला जास्त माहीत असंल." बत्तीस वर्षं रिळं हाताळलेला माणूस खोलीत एकच होता, आणि त्याला आम्ही सगळ्यात शेवटी बोलू दिलं. आता बैठकीत वस्तूशी ज्याचा हात लागलेला आहे, तो पहिला बोलतो.

आजची स्थिती

ऑक्टोबरमध्ये नऊ रिळं आणि न सुटलेलं दहावं एका फिल्म संग्रहालयाने ताब्यात घेतलं. अमरावतीच्या मुलाने दान-पत्रावर सही केली, आजोबांचं नाव त्यात आवर्जून घालायला लावलं. नव्या हवेशीर प्लास्टिकच्या डब्यांचा खर्च विक्रेत्याकडून परत आलेल्या 9,000 मधून केला. नऊपैकी सहा जणांनी आपले पैसे मागितलेच नाहीत.

4 आणि 9 नंबरच्या रिळांसाठी अकोला, यवतमाळ, खामगाव इथल्या जुन्या वितरकांच्या घरी आमची मुलं जाऊन आली. अजून काही हाती लागलेलं नाही. भुसावळ बाकी आहे.

संग्रहालयाची पोचपावती माझ्या हिशेबाच्या वहीत चिकटवली आहे. रीळ 8 समोर लिहिलंय ‘968 फूट, आकुंचन मध्यम, स्कॅन शक्य’. स्कॅनचा क्रमांक अजून लागायचा आहे. ती वीस सेकंदं आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. ओवी कोणती आहे, ते अजून कुणी ऐकलेलं नाही.